चार नंबरचे शोकाकुल

"बाई, एवढं वाचून दाखवा हो. चष्मा काल फिलाच्या उशाशीच राहिला."

नेनोदादांनी थांब्याच्या खांबाकडे हनुवटी केली. हाताने दाखवणे शक्य नव्हते. एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हाताने त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली काचेची बरणी छातीशी धरली होती. बरणीत पांढऱ्या घेवड्याचे सूप होते, रोज असते तसे.

दोब्रिन्काबाई खांबाजवळ गेल्या. कागद नगरपालिकेचा होता. गोंद अजून ओला होता.

"'नागरिकांचा कौल लक्षात घेऊन,'" त्या वाचू लागल्या, "'वरचा मोहल्ला ते बाजार ही चार नंबरची बससेवा येत्या एक तारखेपासून बंद करण्यात येत आहे. सकाळचं बाकडं या लोकप्रिय ईमेल वार्तापत्राने घेतलेल्या मतचाचणीत दर शंभरातल्या ब्याण्णव वाचकांनी...'"

इथे बाई थांबल्या.

"ब्याण्णवांनी काय?"

"'...आपण ही बस वापरत नसल्याचे कळवले आहे.'"

"कौल म्हणजे काय?"

"लोकांना विचारलं, असं म्हणतायत."

"कुठल्या लोकांना?" नेनोदादांचा आवाज चढला तसा थांब्यावरच्या दोन बायकांनी मागे वळून पाहिले. "मी रोज या बसमध्ये बसतो. दरवाजामागची पहिली खिडकी. स्पासला विचारा. मी चढेपर्यंत तो गिअरला हात लावत नाही. मला कोणी विचारलं? तुम्हाला विचारलं, बाई?"

दोब्रिन्काबाईंनी कागदाची सुटलेली कड अंगठ्याने दाबली. 'सकाळचं बाकडं'चे प्रश्न गेली तीन वर्षे त्याच लिहीत होत्या. हे नेनोदादांना माहीत नव्हते, कारण त्यांच्याकडे ईमेल पोहोचेल असे काहीच नव्हते. त्यांचा टेलिफोन भिंतीला टांगलेला होता.

त्यांची बायको त्रेंदाफिला, म्हणजे फिला, दीड वर्षापासून खाली बाजारामागच्या वृद्धाश्रमात होती. तिथल्या बायका चांगल्या होत्या, प्रेमाने बोलायच्या, पण फिला त्यांच्या हातून खात नसे. तोंड मिटून भिंतीकडे वळायची. म्हणून रोज सकाळी नेनोदादा सूप करायचे, बरणीत भरायचे, टॉवेल गुंडाळायचे आणि चार नंबरने खाली जायचे. मोहल्ल्यातून बाजारात एक वेळ काठी टेकत उतरता येते. परत चढणे मात्र ऐंशी ओलांडलेल्या माणसाचे काम नाही.

बस आली. स्पासने दार उघडले आणि नेहमीप्रमाणे वाट पाहिली. बाईंनी नेनोदादांना आधी चढू दिले. मग स्वतः चढल्या आणि उभ्याच राहिल्या. बसायला जागा होती, पण रागाने त्यांना बसवेना.

'सकाळचं बाकडं' चालवणाऱ्या कामेनचे कार्यालय बेकरीच्या वरच्या मजल्यावर होते. बाई दारात दिसताच तो ताडकन उभा राहिला. चाळिशी उलटली होती, पोट सुटले होते, तरी बाई दिसल्या की उभा राहायचाच. पहिली ते चौथी तो त्यांच्या वर्गात होता.

"या ना, बाई! बसा. खालून चीजची गरम बानित्सा मागवतो. कोपऱ्यातली ना?"

हा त्या दोघांमधला जुना विनोद होता. बाई निवृत्त झाल्यावर कामेन एकदा त्यांच्याकडे आला होता. म्हणाला होता, "बाई, तुम्ही वर्गात असा प्रश्न टाकायचा की मागच्या बाकावरच्या माझ्यासारख्याचा पण हात वर जायचा. मला रोज सकाळी लोकांचे हात वर व्हायला हवेत." पूर्वी गावात घराघरांपुढे बाकडी असायची. संध्याकाळी बायका त्यांच्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत गावाची खबर घ्यायच्या. ते बाकडे आता ईमेलमध्ये भरवायचे, अशी त्याची कल्पना होती. बाईंना ती आवडली. त्यांचा पहिला प्रश्न होता: बानित्सा कोपऱ्यातली कुरकुरीत, की मधली मऊ? त्यावर गावात आठवडाभर भांडणे चालली होती. मग त्यांनी विचारले, शेजाऱ्याकडून शेवटचं काय मागून आणलंत? पर्याय होते: कांदा, शिडी, डोकेदुखीची गोळी, आणि 'लोकच माझ्याकडे मागायला येतात'. या शेवटच्या पर्यायावर सर्वांत जास्त बोटे पडली आणि सगळे गाव स्वतःवर हसले.

प्रश्न तयार करायची त्यांची एक पद्धत होती. दुपारी वाचनगृहात मुले यायची, त्यांच्यापुढे त्या प्रश्न मोठ्याने वाचत. मुलांनी पटकन उत्तर दिले, तर तो प्रश्न बाद. एखाद्याने छताकडे पाहिले, ओठ चावला, तर प्रश्न ठेवायचा. आणि शेवटचा पर्याय नेहमी असा असायचा, की माणसाला उत्तर येत नसले तरी त्याला लाज वाटू नये.

"बानित्सा राहू दे," बाई म्हणाल्या. "मी बसबद्दल पाठवलेला प्रश्न काय होता? म्हण."

"बाई, ते असं झालं..."

"म्हण आधी."

कामेनने पाठ म्हणावे तसे म्हटले, "'चार नंबरची बस उद्या आली नाही, तर तुमच्या ओळखीचं कोण अडकून पडेल?'"

"पर्याय?"

"'मी स्वतः. घरातलं कोणी. शेजारचं कोणी. माहीत नाही, विचारून सांगतो.'"

"आणि तू काय पाठवलंस?"

कामेनने मान खाली घातली. "'तुम्ही चार नंबरची बस वापरता का? हो. नाही.'"

"खाली नाव कुणाचं?"

"तुमचंच. म्हणजे ते आपोआप येतं, बाई, रोजच..."

"माझं नाव आपोआप येतं, आणि माझा प्रश्न आपोआप जातो!"

बाई कधी ओरडत नसत. वर्गातही त्या रागावल्या की आवाज उलट खाली यायचा आणि मुले जास्त घाबरायची. आताही तसेच झाले. कामेन खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"बाई, तुम्ही समजून घ्या. मोबाईलवर तुमचा प्रश्न चार ओळींचा होतो. लोक दात घासता घासता उघडतात. एका हातात ब्रश असतो. हो-नाही असलं की बोट लागतं. तिथं 'विचारून सांगतो' लिहिलं की माणूस विचारायला जातो आणि परत येतच नाही."

"जाऊ दे की! जाईल, आईला विचारेल, शेजारणीला विचारेल. म्हणून तर ठेवला होता तो पर्याय. तो माणूस परत तुझ्याकडे नाही आला तर बिघडलं कुठं? बोटं कमी पडली, एवढंच ना?"

"बोटं कमी पडली की जाहिराती जातात, बाई."

"आणि ही बातमी नगरपालिकेत कशी गेली?"

"उपनगराध्यक्ष वेलेवसाहेबांचा फोन आला होता. आकडा वापरू का म्हणाले. मी म्हटलं, वापरा. आमचं नाव छापून येतंय, आपलंही जरा वजन वाढेल..." तो एवढा आशेने हसला, की बाईंना त्याचे दुसरीतले पडलेले दात आठवले. "मला वाटलं, तुम्हालाही बरं वाटेल."

"नेनोदादांना ईमेल आहे?"

"नेनो आजोबांना?" कामेन फस्सकन हसला. मग त्याचे हसू अर्ध्यातच थांबले.

"जे बसमध्ये बसतात त्यांच्याकडे ईमेल नाही. ज्यांच्याकडे ईमेल आहे ते मोटारीने जातात. तू मोटारवाल्यांना विचारलंस की बस लागते का. उद्या तू पोट भरलेल्यांना विचारशील की भूक आहे का, आणि वेलेव भटारखाना बंद करेल."

"बाई..."

"दुसरीत असताना तू मला विचारलं होतंस, ढगात एवढं पाणी असतं तर ढग फाटून एकदम खाली का पडत नाही. मला येत नव्हतं. दोन दिवस पुस्तकं उलटत होते मी. त्याला प्रश्न म्हणतात, कामेन. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक नसतं तो. तू पाठवलास तो सापळा होता. माझा खरा प्रश्न उद्या पाठव."

"एका विषयावर लगेच दुसऱ्यांदा नाही टाकता येत, बाई. लोक कंटाळतात. आणि पुढचा आठवडा टायरवाल्यांनी घेतलाय. 'उन्हाळी टायर तुम्ही कधी बसवता?'"

"मग माझं नाव काढ."

"असं नका करू. सगळे तुमच्या नावामुळे..."

"म्हणूनच काढ."

बाई पायऱ्या उतरून खाली आल्या. बेकरीवालीने हात केला, तो त्यांना दिसलाच नाही. वर मोहल्ल्याकडे जाणारी बस नुकतीच गेली होती, म्हणून त्या चौकातल्या लिंडेनच्या झाडाखाली थांबल्या. झाडाच्या बुंध्यावर काळ्या चौकटीचे कागद लावलेले होते, नेहमीसारखेच. कोणी आज गेलेले, कोणाला चाळीस दिवस झालेले, कोणाला वर्ष. घाईत चाललेला एक पोस्टमन थांबला, त्याने सगळे कागद वाचले, छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुढे गेला. मागून दोन शाळकरी मुली आल्या. त्याही थांबल्या. मग हातात मोटारीची किल्ली असलेला एक माणूस.

बाईंनीही वाचले. गेलेल्याचा फोटो, नाव, वय, आणि सर्वांत खाली 'शोकाकुल' म्हणून घरच्यांची नावे. गावात ईमेल न उघडणारी माणसे पुष्कळ होती. पण काळ्या चौकटीचा कागद न वाचता पुढे गेलेले माणूस बाईंनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

त्या बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. पुढची बस आली आणि गेली. मग त्या वळून झोर्नित्साच्या दुकानात शिरल्या. तिथे फुले, शवपेट्या आणि छपाई असे सगळे एकाच छताखाली मिळायचे.

"अगं बाई! कोण गेलं?" झोर्नित्साने सिगारेट विझवली.

"अजून गेलेली नाही. एकतीस तारखेला जाणार."

झोर्नित्साने घाईघाईने क्रूसाची खूण केली. "इतकं नक्की कोणी सांगितलं? डॉक्टरनं?"

"नगरपालिकेनं."

"नाव?"

"चार नंबर."

झोर्नित्सा चष्म्यावरून बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "माझी आई त्याच बसनं मिरच्या घेऊन बाजारात येते," ती म्हणाली. "सांगा मजकूर."

बाईंनी सांगितलेला मजकूर असा होता: "अत्यंत दुःखाने कळवण्यात येते, की वरच्या मोहल्ल्याची चार नंबरची बस, अनेक वर्षांच्या अखंड सेवेनंतर, अल्पशा निर्णयाने एकतीस तारखेस आपला निरोप घेत आहे. तिच्या मागे कोण आहे?" त्याखाली 'शोकाकुल', आणि मग नुसत्या रिकाम्या रेघा. फोटोच्या जागी बसचा फोटो.

छापून झाल्यावर बाईंच्या लक्षात आले, की सर्वांत खाली आणखी एक ओळ होती: अंतिम निरोप सकाळी अकरा वाजता, राहत्या जागेपासून.

"हे मी सांगितलं नव्हतं."

"अय्या, ती ओळ आधीपासूनच असते. काढायची राहिली," झोर्नित्सा म्हणाली. "पण बाई, एवढे कागद झाले. आता असू द्या."

बाईंनी पहिला कागद वाचनगृहात नेला आणि मुलांना वाचून दाखवला. कोणीही पटकन उत्तर दिले नाही. तिसरीतली योआना बराच वेळ छताकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "बाई, आजीचं नाव लिहायचं की माझं? कारण आजी खाली गेली नाही, तर मला दूध कोण आणणार?"

"दोघींचं लिही," बाई म्हणाल्या. प्रश्न पास झाला होता.

संध्याकाळपर्यंत खांबाखांबावर, झाडाझाडावर, पाणपोईवर काळ्या चौकटी लागल्या. प्रत्येकीजवळ दोऱ्याने एक पेन्सिल टांगली होती. लोक थांबले. वाचले. आधी हसले. मग पुन्हा वाचले आणि पेन्सिल हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी बाई कागद बघत फिरल्या. "पेत्को, दोन्ही गुडघे." "माझी आई. मी सोफियात असतो, सुट्टीला आलोय." "दाईआजी ल्युबा, अजून कोणाला गरज लागली तर." "शारो, कुत्रा, दर शनिवारी खाटकाकडे जातो, तिकीट काढत नाही." एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: "मी फोनवर 'नाही' दाबलं होतं. माझी सासू रोज जाते हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही." बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. धडा पाठ असलेल्या मुलालाही प्रश्न चुकीचा विचारला तर उत्तर चुकते. मग चूक कुणाची?

थांब्याच्या खांबावर खूप खाली, काठी टेकून वाकलेल्या माणसाचा हात जिथे पोहोचेल तिथे, वाकड्या अक्षरांत लिहिले होते: "नेनो. आणि फिला, ती खाली आहे."

एकतीस तारखेला सकाळी वरच्या मोहल्ल्यातल्या शेवटच्या थांब्यावर, जिथून बस निघायची, तिथे माणसे जमू लागली. कोणीही बोलावले नव्हते. कागदावर अकरा लिहिले होते, म्हणून लोक अकराला आले. काहींनी काळे कपडे घातले होते. बहुतेकांच्या हातात फुले होती, आणि तीही जोडीने, दोन-दोन, चार-चार. मेलेल्या माणसासाठी आणतात तशी. खालच्या गावातलेही पुष्कळ होते. कामेन आला होता आणि मोबाईलने फोटो काढत होता. त्याने बाईंना दुरून मान लववली, पण जवळ आला नाही.

बस आली ती धुऊन पुसून चकचकीत. स्पासने काळी टोपी घातली होती. तो खाली उतरला आणि काय करावे ते न कळून बोनेटला हात लावून उभा राहिला.

तेवढ्यात झोर्नित्साची गाडी आली. तिच्या मागच्या दारातून एक भलेमोठे फुलांचे चक्र बाहेर निघाले. त्याला जांभळी फीत होती आणि फितीवर सोनेरी अक्षरे: नगरपालिकेकडून, आदरपूर्वक.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

झोर्नित्साने कपाळावर हात मारला. "दर सोमवारी गेलेल्यांची नावं माझ्याकडून नगरपालिकेत जातात ना, पुष्पचक्रासाठी. तिकडची कारकूनबाई नावं वाचत नाही, नुसती मोजते. तुमचं चार नंबर त्यात गेलं असणार. त्यांनी पैसे भरले, मला काय, मी चक्र बनवलं!"

आधी पेत्को हसला. मग हसू जमावभर पसरत गेले. बायका रुमालाने डोळे पुसत हसल्या. स्पासने ते चक्र उचलले आणि बसच्या पुढच्या काचेखाली बांधले. ते बांधून झाल्यावर मात्र कोणी हसले नाही. बस खरोखरच मेल्यासारखी दिसत होती.

वेलेवसाहेब आले ते मोटारीने. कोणीतरी फोन केला असणार.

"हा काय तमाशा चाललाय?"

"तमाशा नाही, साहेब, अंत्यविधी आहे," पेत्को म्हणाला. "तुम्ही फुलं पाठवलीत, गावाला बरं वाटलं."

वेलेव फितीजवळ गेले. त्यांनी फीत वाचली. त्यांच्या मानेवर लाली चढली. "कोणाला सुचलं हे?"

"मला," दोब्रिन्काबाई पुढे झाल्या. त्यांच्या हातात खांबांवरून उतरवलेल्या कागदांची जाड चळत होती. "आपण विचारलंत की बस कोणाला लागते. हे घ्या उत्तर. हे सगळे तिच्या मागे राहिलेत."

वेलेवांनी चळत हातात घेतली नाही. त्यांनी फक्त वरच्या कागदावर नजर टाकली.

"बाई, तुमचा मान राखून सांगतो. पेन्सिलीने झाडावर लिहिलेल्याला कौल म्हणत नाहीत. एकानेच दहा नावं लिहिली नसतील कशावरून? इथं तर कुत्र्याचं पण नाव आहे. आमच्याकडे रीतसर चाचणी आहे. हजारावर लोकांनी मत दिलंय. आणि त्या चाचणीखाली तुमचंच नाव आहे."

जमावात कुजबुज झाली. काहींना हे माहीत नव्हते. नेनोदादांनी बाईंकडे पाहिले. त्यांचे डोळे बारीक झाले होते, जसे लांबचे वाचताना होतात. बाईंनी मात्र कामेनकडे पाहिले नाही. कामेनही मोबाईलच्या पडद्यातून बाहेर यायला तयार नव्हता.

"साहेब, तो प्रश्न तुम्ही वाचलात ना?"

"वाचला."

"त्याचं उत्तर काय येणार, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"अर्थात माहीत होतं. आकडे आहेत आमच्याकडे."

"मग विचारलं कशाला?"

वेलेवांनी खिशातून मोटारीची किल्ली काढली. कोणीतरी मागून म्हणाले, "सांगा की, साहेब!" दुसरे कोणीतरी म्हणाले, "बाईंनी विचारलंय, उभं राहून उत्तर द्या!" पण हे सगळे चौथीच्या वर्गात चालते. वेलेव त्यांच्या वर्गात कधीच नव्हते. त्यांनी मोटारीचे दार उघडले. "उद्यापासून बंद म्हणजे बंद," ते म्हणाले आणि गेले.

बाई चळत छातीशी धरून उभ्या राहिल्या. नेनोदादा काठी टेकत जवळ आले.

"खाली तुमचं नाव होतं?"

"नाव माझं होतं. प्रश्न माझा नव्हता."

नेनोदादांनी थोडा विचार केला. "असं होतं," ते म्हणाले. "माझ्या नावावर पण कोणीतरी एकदा दोन गायी लावल्या होत्या." आणि ते वळून बसमध्ये चढले. दरवाजामागची पहिली खिडकी. स्पास थांबला. मग सगळे चढले. बस भरून गेली, बाहेर राहिलेले मागून पायी निघाले, आणि शेवटची चार नंबर समोर नगरपालिकेचे पुष्पचक्र बांधून हळूहळू बाजाराकडे उतरली.

एक तारखेला सकाळी बाईंनी मोबाईल उघडला. 'सकाळचं बाकडं'मध्ये सर्वांत वर पुष्पचक्र बांधलेल्या बसचा फोटो होता. वर लिहिले होते: भावपूर्ण क्षण! आणि खाली आजचा प्रश्न: "काल तुम्ही चार नंबरच्या अंत्ययात्रेला गेला होतात का? हो. नाही."

तिसरा पर्याय नव्हता. खाली कोणाचे नावही नव्हते.

बाईंनी मोबाईल उताणा टेबलावर ठेवला. मग पालथा ठेवला. मग उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर इतक्या जोराने ढकलला, की आतले चमचे वाजले. खिडकीतून उताराचा रस्ता दिसत होता. त्या रस्त्यावरून एक काठी आणि एक टॉवेल हळूहळू खाली चालले होते.

बाई पायात बूट घालून धावतच बाहेर पडल्या.

"नेनोदादा! थांबा! बरणी द्या इकडं."

"नको. सांडाल तुम्ही."

"चाळीस वर्षं पोरांच्या शाईच्या दौती सांभाळल्यात मी. द्या."

नेनोदादांनी बरणी दिली, पण हात तिच्याखाली थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग दोघे निघाले. बरणी चांगलीच गरम होती. टॉवेलातूनही ऊब लागत होती.

काही खांबांवर कागद राहून गेले होते. नगरपालिकेच्या माणसाने ते फाडले नव्हते. काळ्या चौकटीला हात लावायला तो धजला नसावा. प्रत्येक कागदापाशी नेनोदादा थांबायचे.

"वाचा."

"हा तुम्ही काल वाचलाय."

"काल चष्मा नव्हता."

आजही नव्हता. बाई वाचायच्या. त्या वाचत असताना नेनोदादा खांबाला टेकून श्वास घ्यायचे आणि मधूनच म्हणायचे, "हा कोण पेत्को? सुताराचा का?" श्वास जागेवर आला की काठी उचलायचे. अशा रीतीने खांबामागून खांब करत ते खाली आले. दोन मोटारी त्यांच्या शेजारून गेल्या. एकीने हॉर्न वाजवला. परत वर कसे जायचे, हे दोघांपैकी कोणीही बोलले नाही.

वृद्धाश्रमात जेवणाची वेळ होऊन गेली होती. ताटे उचललेली होती. फिला खिडकीशी पलंगावर बसली होती, दाराकडे तोंड करून. तिच्यासमोरचा वाडगा भरलेला होता आणि त्यावर साय धरली होती.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"बस उशिरा आली," नेनोदादा म्हणाले.

"स्पासला काही झालं का? तो कधी उशीर करत नाही." तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिले. मग बाईंकडे वळली. तिचा मुलगाही बाईंच्या वर्गात होता. बाई मुलांना खरेच बोलायला शिकवतात हे तिला चांगले ठाऊक होते. "बाई, तुम्ही सांगा. बस उशिरा आली का?"

पलीकडच्या पलंगावरची म्हातारी झोपेत काहीतरी पुटपुटली. नेनोदादा वाकून टॉवेलाची गाठ सोडत होते आणि ती सुटत नव्हती.

"हो," दोब्रिन्काबाई म्हणाल्या. "आज जरा उशीर झाला."

"मग ठीक," फिला म्हणाली आणि तिने तोंड उघडले.

उशाशी नेनोदादांचा चष्मा होता, नेहमीसारखाच विसरलेला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, बरणीचे झाकण काढले आणि चमचा भरला. सूप केव्हाच निवले होते. तरी त्यांनी चमच्यावर, रोज घालायचे तशीच, हळूच फुंकर घातली.